गायकवाड सरांचं पत्र जर्मनीला जातं

“मॅडम, मी माझ्या मुलीला शिव्या दिल्यात का हो?”

गायकवाड सरांनी हा प्रश्न मला मंगळवारी सकाळी, माझ्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर विचारला. सर जामखेडच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, जर्मनीहून ई-मेल आला होता आणि मी तो त्यांना नुकताच वाचून दाखवला होता. ‘बाबा, तुमचं पत्र उघडलं तर आत नुसती चिन्हं आहेत. डॉलर, टक्के, चांदण्या, उद्गारचिन्हं. कॉमिक्समध्ये माणसं शिव्या देतात ना, तशी. तुम्ही इतके चिडलाय का?’

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नगरला सावेडीत माझं डीटीपी सेंटर होतं. म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला तयार करून द्यायचं दुकान. पोट चालायचं ते लग्नपत्रिकांवर. त्यात मी हौसेने एक मोडेम घेतला आणि बाहेर ‘इंटरनेट सुविधा’ अशी पाटी लावली. मोडेम म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारी डबी. पुण्याला एसटीडी लावायची, डबी किंचाळायची, आणि नशीब बरं असेल तर इंटरनेट लागायचं. पाटी वाचून लोक आत यायचे, ‘इंटरनेट दाखवा’ म्हणायचे आणि बघून निघून जायचे. खरंखुरं काम घेऊन आलेले गायकवाड सर पहिलेच.

काम नाजूक होतं. प्रज्ञा तिकडे संशोधन करत होती. तिथेच तिला मदुराईचा सेंथिल भेटला. दोघांनी तिथल्या ऑफिसात लग्नाची तारीख नोंदवली होती आणि शुक्रवारपर्यंत पक्कं काय ते कळवायचं होतं. त्याआधी तिला बाबांचा शब्द हवा होता. फोन दोनदा झाला. दोन्ही वेळा सर ओरडले आणि रिसीव्हर आपटून मोकळे झाले.

“मुलगा वाईट नाही हो,” सर मला म्हणाले. “पण त्याच्याशी मी बोलू कोणत्या भाषेत? त्याला मराठी येत नाही. मला इंग्रजी वाचता येतं, बोलायला गेलं की घशात अडकतं. सासरा-जावयांनी काय खाणाखुणा करायच्या?”

टपालाला दोन आठवडे लागले असते. शुक्रवारच्या आत पत्र पोचलं नाही, तर मुलगी बापाशिवाय लग्न करणार होती. पुढे ती घरी आली असती की नाही, याची सरांना खात्री नव्हती. म्हणून ते सोमवारी एसटी पकडून नगरला आले, मी त्यांचं पत्र मराठीत टाइप केलं, पाठवलं, आणि त्याच्या शिव्या झाल्या.

चूक ना सरांची होती, ना प्रज्ञाची. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आमच्या मराठी फॉन्टमध्ये ज्या आकड्यावर ‘क’ बसवलेला असायचा, त्याच आकड्यावर तिकडच्या कॉम्प्युटरमध्ये डॉलर बसलेला. आमचा फॉन्ट तिकडे असेल तरच ‘क’ दिसणार. आणि प्रज्ञाच्या लॅबमध्ये बाहेरचं काहीही कॉम्प्युटरवर टाकायला मनाई होती. मला हे आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. पाटी लावली म्हणजे सगळं कळतं असं थोडंच आहे!

“सर, मराठीच लिहू, पण इंग्रजी अक्षरांत,” मी सुचवलं.

सरांनी चष्मा काढला. “मॅडम, पस्तीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवली. लेकीच्या लग्नाचं पत्र मी ए-बी-सी-डीत लिहू?”

स्कॅनर माझ्याकडे नव्हता, नाहीतर त्यांचं हस्ताक्षरच पाठवलं असतं. मग एक युक्ती सुचली. पत्रिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्र जुळवायचं आणि अख्ख्या पानाचं एक चित्र करून टाकायचं. चित्राला फॉन्ट लागत नाही. फोटो उघडतो तसं ते कुठेही उघडतं. सर खूश झाले. मीही झाले.

आता आमच्या धंद्यातली एक वाईट खोड सांगते. आम्ही कोरी फाईल कधी उघडत नाही. जुनी पत्रिका उघडायची, त्यातली नावं पुसायची आणि नवी भरायची. समास, फॉन्ट, ओळींतलं अंतर, सगळं आयतं मिळतं. मी सवयीने भिंगारच्या एका लग्नाची पत्रिका उघडली. वरचा गणपती मात्र आठवणीने काढला, कारण सरांनी दारातूनच मला ‘जय भीम’ घातला होता. आपण किती दक्ष आहोत, असंही तेव्हा मनात येऊन गेलं.

सरांनी सांगितलं, मी टाइप केलं. ‘चि. प्रज्ञा, घाई करू नकोस. तारीख पुढे ढकल. डिसेंबरात त्या मुलाला घेऊन घरी ये. मी त्याला बघेन, मग ठरवेन. आज मी हो म्हणू शकत नाही. तुझा, बाबा.’ सरांनी स्क्रीनला नाक लावून प्रूफ तपासलं, दोन वेलांट्या बदलल्या आणि पाठवा म्हणाले. तीनदा लाईन तुटली. चौथ्या वेळी पत्र गेलं. चित्र मी छपाईच्या दर्जाचं केलं होतं, म्हणून ते अवाढव्य झालं होतं. हेही मला नंतर कळलं.

गुरुवारी सर पत्नीला घेऊन आले. काकू बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसल्या. प्रज्ञाचं उत्तर आलेलं होतं. तिच्याकडे मराठी फॉन्ट नसल्याने ते मराठीत पण इंग्रजी अक्षरांत होतं. मी मोठ्याने वाचायला लागले.

‘बाबा, तुमचं पत्र वरून खाली एकेक पट्टी उलगडत होतं. आधी घाई करू नकोस आलं. मग हो म्हणू शकत नाही आलं. मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर रडले. बंद करणार होते, पण चित्र अजून उतरतच होतं. तुझा, बाबा झालं. मग कितीतरी वेळ नुसतं कोरं. आणि अगदी तळाला, फुलांच्या वेलीत: आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! सोनू, मोनू आणि बारकी.’

मी वाचता वाचता थांबले. पान लांब, मॉनिटर चौदा इंची. खालचा भाग मी सरकवून पाहिलाच नव्हता. भिंगारची चिल्लर कंपनी जर्मनीला जाऊन पोचली होती.

“पुढं वाचा,” काकू म्हणाल्या.

‘बाबा, वर रागवायचं आणि खाली हळूच आमंत्रण द्यायचं, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार? मी खूप हसले. सेंथिललाही समजावून सांगितलं. इथली तारीख रद्द केली. आम्ही डिसेंबरात येतोय. लग्न जामखेडलाच करू.’

मी सरांकडे बघायचं टाळून सगळं कबूल केलं. जुनी फाईल, पुसायची राहिलेली ओळ, सगळं. सर लालबुंद झाले.

“ताबडतोब कळवा! ती ओळ माझी नाही. मी होकार दिलेला नाही.”

माझे हात कीबोर्डवर गेले. मला खरंच रडू येत होतं. माझ्या गाढवपणाने एक लग्न जुळलं होतं आणि ते मोडायचा मजकूरही आता मीच टाइप करणार होते.

“अवो, ऱ्हाऊ द्या की,” काकू बाकावरूनच म्हणाल्या. “लई शानपन झालं. पोरगी घरी येतीया न्हवं? मंग कुनी का लिव्हलं आसंना.”

“पण मी हो म्हटलेलं नाही!”

“न्हाई म्हनून दोनदा फोन आपाटला. काय मिळालं? रातभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर.”

सर खुर्ची ओढून बसले. स्क्रीनवरच्या लेकीच्या ओळींवरून त्यांची नजर दोनदा फिरली. मग त्यांनी घसा साफ केला.

“लिहा मॅडम. इंग्रजी अक्षरांतच लिहा, लवकर पोचेल.” आणि त्यांनी मजकूर सांगितला, “‘सेंथिलला सांग, मराठी येत नाही म्हणून काळजी करू नको. मलाही तमिळ येत नाही. आम्ही दोघं शिकू.’”

एवढंच पत्र. या वेळी लाईन पहिल्याच फटक्यात लागली. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी मुकाट्याने भिंगारची फाईल डिलीट केली.

डिसेंबरात लग्न झालं. पत्रिका अर्थात मीच केली. आयुष्यात प्रथमच कोरी फाईल उघडून, मराठी आणि तमिळ शेजारीशेजारी लावून. तमिळ मजकूर सेंथिलच्या घरून कागदावर छापून आला होता, तो मी कापून चिकटवला. दुप्पट वेळ लागला. सरांनी तीन वेळा प्रूफ तपासलं, पण फक्त मराठीचं. पत्रिका छापून, वाटून झाल्यावर मदुराईच्या पाहुण्यांनी हळूच सांगितलं, की तमिळ मजकूर उलटा चिकटवलाय.