आधी तिला विचारा

रुक्मिणीअक्कांची नि माझी पहिली भेट भांडणानं झाली, हे गौरवग्रंथात लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी ठरवलं, लिहायचंच. अक्कांच्या पंचाहत्तरीला गोडगोड लिहिणारे पुष्कळ मिळतील. त्यांच्याशी मनसोक्त भांडलेली कदाचित मी एकटीच उरले असेन. माझी मराठी तंजावरकडची, जुन्या वळणाची. संपादकांनी ती जिथे दुरुस्त केली आहे तिथे श्रेय त्यांचं, आणि रागाची वाक्यं सगळी माझी.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कुंभकोणमच्या एका मुलींच्या हायस्कूलमध्ये मी गणिताची शिक्षिका म्हणून लागले होते. अक्का तिथे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. जूनच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या तासाला मुली गणिताच्या वहीत भलत्याच याद्या लिहिताना सापडल्या. प्रत्येकीनं आपल्या गल्लीतली शाळेत न जाणारी मुलं लिहून आणायची होती, पुढे कारण. मी वाचत गेले: बहिरा आहे. दिसत नाही. फिट येते. चालता येत नाही. एका ठिकाणी नुसतंच 'मुलगी आहे'.

मी तणतणत शिक्षकांच्या खोलीत गेले आणि तमिळमध्ये जाब विचारला. उत्तर यायच्या आत माझ्या तोंडून घरचं वाक्य निसटलं, "काय बाई एकेक खुळं!" कोपऱ्यातल्या अक्कांनी मान वर केली आणि चक्क मराठीत विचारलं, "कोणाच्या घरची गे तू?" मी नाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "हक्क शिकवायचे तर ते कोणाला मिळालेच नाहीत हे आधी मोजायला नको?" मी म्हटलं, "मोजणं माझा विषय आहे, अक्का. तुम्ही तुमचा शिकवा." त्या खदखदून हसल्या, आणि मला आणखीच राग आला.

दरवर्षी जूनमध्ये अक्कांच्या वर्गात ही यादी होई. तिच्यामुळे पालक भांडायला येत. "माझ्या घरातलं व्यंग चारचौघांत का मांडता?" म्हणून एक गृहस्थ मुख्याध्यापिकांच्या टेबलावर हात आपटून गेले होते. अक्कांना समज मिळाली, तीही लेखी. अपंगांच्या हक्कांचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. तेव्हा अक्कांच्या हाताशी एक खडू आणि राज्यघटनेची फाटकी प्रत एवढंच होतं. पुढच्या जूनमध्ये त्यांनी पुन्हा यादी करायला लावली.

अशाच एका यादीत सेल्वी सापडली. जवळच्या स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिराची मुलगी. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय गेलेले. हातांत रबरी चपला घालून ती जमिनीवरून सरकत चाले. अक्का मला बळेच सोबत घेऊन गेल्या. तो कारागीर माणूस सभ्य होता, पाणी दिलं, बसायला चटई दिली. मग हात जोडून म्हणाला, "टीचर, दोष राहिलेली मूर्ती आम्ही देवळात पाठवत नाही. परत वितळवतो. हिला मी लोकांसमोर कशी पाठवू?"

अक्का ताडकन उठल्या. "मग हिलाही वितळवणार का?" आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार. त्यानं पाण्याची भांडी उचलून आत नेली. आम्ही निघालो तेव्हा दाराशी बसलेल्या सेल्वीनं अक्कांना विचारलं, "शाळेत कोणत्या इयत्तेत घ्याल?" भावाची आठवीपर्यंतची पुस्तकं तिनं घरी बसून संपवली होती. अक्का आणखी दोनदा जाऊन आल्या आणि सेल्वी नववीत आली. बसच्या पायऱ्या ती स्वतः हातांवर चढे. कंडक्टर कुरकुरे आणि थांबे.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगते. दहावीच्या सहामाही परीक्षेला शाळेनं सगळ्यांना वरच्या सभागृहात बसवलं. अक्कांना वाटलं, मुलींच्या हातून काही चांगलं घडवावं. त्यांनी एक लाकडी खुर्ची आणली, तिला दोन बांबू बांधले. आमच्या गावात बारा महिने कुठल्या ना कुठल्या देवळाचा उत्सव असतोच, खांद्यावर देव घेणं मुलींच्या डोळ्यांत इतकं बसलेलं, की कोणी तरी फुलांची माळ आणली, कोणी आरोळी दिली आणि वाजतगाजत सेल्वीची स्वारी जिना चढली. मी स्वतः टाळ्या वाजवल्या. माझे डोळेसुद्धा भरून आले होते, काय सांगू.

गणिताचा पेपर होता. तीन तासांनी सेल्वीनं मला कोरी उत्तरपत्रिका दिली. वर फक्त नाव.

मी भडकले. वर्गातली सगळ्यात हुशार पोर! अक्कांना बोलावून आणलं. सेल्वी शांतपणे म्हणाली, "टीचर, तुम्ही मला देवी करून वर नेलंत. वर जायचंय का, असं देवीला कोणी विचारत नाही."

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण वर्गासमोर उभं राहून माफी मागितली. "वर्षभर मी तुम्हाला माणसाचे हक्क शिकवले, आणि या मुलीला एक साधा प्रश्न विचारायला विसरले," असं म्हणताना त्यांचा आवाज फुटला. चाळीस मुलींपुढे शिक्षिकेनं असं बोलावं हे मला तेव्हा मुळीच आवडलं नाही. शिस्त कशी राहणार? त्या दिवसापासून अक्कांच्या नागरिकशास्त्राचा पहिला धडा बदलला. कोणाचं भलं करायला निघालात तर आधी त्यालाच विचारा, हा तो धडा. आज त्यांच्या विद्यार्थिनी जिथे जातील तिथे हे वाक्य घेऊन जातात, आणि पुष्कळांना नकोशा होतात.

दहावीच्या सरकारी परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत आलं. सेल्वीची खोली दुसऱ्या मजल्यावर. अक्का आठवडाभर आधी अर्ज घेऊन केंद्रप्रमुखांकडे गेल्या. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, "पाहतो" म्हणाले. तमिळच्या पेपरच्या सकाळी आम्ही फळ्यावरची यादी पाहिली. काहीही बदललं नव्हतं.

दहाला पेपर सुरू होणार, साडेदहानंतर आत सोडत नाहीत. जिन्याच्या तळाशी आम्ही चौघं: सेल्वी, तिचे वडील, अक्का आणि मी. केंद्रप्रमुख खाली आले. "एकीसाठी बैठक बदलली तर उद्या सगळेच मागतील. दोन शिपाई देतो, उचलून नेतील," असं सांगून ते वर गेले. दहाची घंटा झाली. वरच्या खोल्यांत एकदम शांतता पसरली.

"मी खाली बसून लिहीन," सेल्वी म्हणाली. "या पायऱ्या हातांवर चढले तर तेच हात तीन तास कसे लिहितील?"

"म्हणून तर शिपाई आहेत ना गं," मी म्हटलं.

"मला उचलायचं नाही."

वडील पुढे झाले. "मी नेतो. माझीच मुलगी आहे."

"नको, अप्पा."

अक्का वर धावल्या, खाली आल्या. साडी घामानं भिजलेली. नाहीच म्हणतायत, असं त्यांनी मानेनंच सांगितलं. सव्वादहा झाले होते. मला राहवेना. मी अक्कांचा दंड धरला आणि ओरडले, "हक्कांचं नंतर बघा हो! पोरीचं वर्ष जाईल! सांगा तिला, तुमचं ऐकेल ती!" आणि ते खरं होतं. अक्कांनी एक शब्द टाकला असता तर सेल्वी गेली असती. तिथे उभ्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

अक्का खाली फरशीवर बसल्या, सेल्वीच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशा. "नीट ऐक. आज वर गेली नाहीस तर हा विषय गेला. मैत्रिणी पुढे जातील, तू मागे राहशील. मी बाहेर भांडेन, पण जिंकेनच असं नाही. वर गेलीस तर मला राग येणार नाही, तुझी मान खाली जाणार नाही. काय करू या?"

"पंधरा वर्षांच्या पोरीला काय विचारता!" मी म्हटलं.

"परीक्षा तिची आहे," अक्का म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सेल्वीनं जिन्याच्या पायऱ्या वरपर्यंत नजरेनं मोजल्या. वडिलांचे ओठ हलत होते, बहुधा गावच्या मुरुगन देवाचं नाव घेत असावेत. मी घड्याळ पाहणं बंद केलं. मग ती म्हणाली, "खाली देत असतील तर लिहीन." साडेदहाची घंटा झाली. वर दार लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. सेल्वी रडली नाही. तिचे वडील भिंतीकडे तोंड करून रडले.

अक्का तशाच उपाशी तंजावरची बस पकडून गेल्या, अर्ध्या वाटेवरच्या पापनाशमपर्यंत उभ्यानं. शिक्षण कार्यालयाच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी लेखी परवानगी आणली. उरलेले सगळे पेपर सेल्वीनं तळमजल्यावर, मोडक्या बाकांची खोली झाडून दिली तिथे लिहिले. कागदाचा एक चिटोरा! तो एक दिवस आधी मिळाला असता तर काय बिघडलं असतं? निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, तमिळमध्ये गैरहजर. मैत्रिणी अकरावीत गेल्या.

मी अक्कांशी बोलणं टाकलं. तत्त्वापायी एका पोरीचा बळी दिला, असं मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हटलं. त्या रोज मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर डांगर पचडीचा डबा ठेवत. दह्यात कालवलेलं ते भाजल्या उडदाचं पीठ माझ्या जिवाचं आवडतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी डबा तसाच परत करी. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. दर शनिवारी त्या स्वामीमलैला जाऊन सेल्वीला तमिळ शिकवतात, हे मला शिपायाकडून कळलं. एकदा मी चिडून विचारलंच, "अजून वाटतं, तुमचं बरोबर होतं?" अक्का वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "मला तरी कुठे खात्री आहे गे? रोज वाटतं, ढकलायला हवं होतं." त्या दिवशी मी डबा उघडला.

सप्टेंबरात फेरपरीक्षा झाली. तेच केंद्र, तेच प्रमुख, खोली तळमजल्यावरची, आत आणखी पंधरा-वीस मुलं. आम्ही फाटकाबाहेर उभ्या होतो. तीन तास अक्का छत्री उघडत होत्या, मिटत होत्या. मी शेवटी ती हिसकावून घेतली. घंटा झाली, मुलं बाहेर आली, आणि सगळ्यात शेवटी सेल्वी. बोटांना शाई लागलेली, चेहरा उतरलेला.

"काय झालं? कोणी काही बोललं?" अक्कांनी विचारलं.

"नाही, टीचर. निबंध अर्धा राहिला. पहिल्या प्रश्नावरच वेळ घालवला मी. माझीच चूक."

मग भर रस्त्यात, बसची वाट बघणाऱ्या माणसांसमोर अक्का हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "ऐकलंस?" त्या मला म्हणाल्या, "तिचीच चूक! जिन्याची नाही, नियमाची नाही, माझी नाही, तिची!" मलाही हसू फुटलं. सेल्वीला वाटलं, टीचरना वेड लागलं. नापास व्हायच्या भीतीनं ती रडकुंडीला आलेली, आणि या दोघी बाया हसतायत. ती पास झाली, बेताच्या मार्कांनी.

अक्का, तुम्ही शतायुषी व्हा असं सगळेच म्हणतील. मी म्हणते, गोळ्या वेळेवर घ्या, पायांना तेल चोळा, उन्हात हिंडू नका आणि माझ्याशी भांडायला ठणठणीत राहा. तुमच्यामुळे अजून पुष्कळ पोरींना आपल्या स्वतःच्या चुकीनं मार्क घालवायला मिळोत.