केळीच्या वाळक्या पानातला

हसायचं तर खुशाल हसा, पण माझा हा गाढवपणा कुणाजवळ तरी एकदा कबूल करायलाच हवा.

माझी बायको सुनंदा हिला जाऊन चार महिने झाले होते. आलापल्लीचं आमचं घर, मागे तिनं लावलेली केळ. एका संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळेला, केळीजवळ काहीतरी तरंगलं. केशरी, काळ्या काठाचं. तिची एक साडी अगदी तशीच होती. फुलपाखरू असावं, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

मी विज्ञानाचा मास्तर. असलं काही मानत नाही. चौथ्या दिवशी मी दोन कप चहा केला.

एक केळीखाली ठेवायचो, दुसरा घेऊन पायरीवर बसायचो. मुंग्यांची चंगळ झाली. सागाच्या बाजूनं वारा यायचा, उजेड हळूहळू विरायचा आणि मी बोलायचो. खरं तर बोलायचं एकच होतं. ती गेली त्या क्षणी मी दवाखान्याबाहेर चहा पीत उभा होतो. त्याची माफी. तेवढं तोंडातून निघायला महिना लागला. निघालं त्या दिवशी ते फुलपाखरू माझ्या डोक्याभोवती दोनदा फिरलं. त्या रात्री मला झोप लागली हो. किती दिवसांनी!

मग केळीचा घड उतरला. शेजारचे रहीमभाई, जंगलखात्यातून निवृत्त झालेले, भरदुपारी कोयता घेऊन आले.

"सर, घड निघाला. आता हे झाड तोडून टाकू."

"नको. तिथं फुलपाखरू येतं. संध्याकाळी."

"अंधार पडताना फुलपाखरू? तुमी शाळेत विज्ञानच शिकवता ना?"

त्यांनी लोंबत्या वाळक्या पानाच्या सुरळीत डोकावलं. "इकडं या. हळू."

आत अंगठ्याएवढं काहीतरी उलटं लटकून झोपलं होतं. केशरी.

"रंगीत वाघूळ. असल्या वाळल्या पानातच राह्यते. अख्ख्या नोकरीत दोनदाच दिसलं मले." मग माझ्याकडे बघून, "काऊन सर, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. चहासकट.

रहीमभाई पुन्हा वाकले. या वेळी जरा जास्तच वेळ.

"भाभी नाई, सर. नर आहे."

कोयता भिंतीला टेकवून ते शेजारी बसले. "पण ऐकलं असन त्यानं. वाघळाचे कान लय तेज."

केळ अजून उभी आहे. तोडवत नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोजवळ कधी मन मोकळं केलं नाही. केलं ते एका परक्या पुरुषाजवळ, आणि तोही उलटा टांगलेला.