भागीआत्याने थांबवलेली हळद

भागीआत्या गेल्याचा फोन वैशाखऱ्याहून आला, तेव्हा बाबा माझ्याकडे शहापूरला आले होते. तिचा मुलगा एवढंच म्हणाला, "सुटली बिचारी." बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले... त्यांची ही थोरली बहीण. त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं ते तिनंच.

आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी नंतर, आधी हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई लागते. शेवटच्या काही वर्षांत तिची आठवण विरत गेली. आमटीत दोन-दोनदा मीठ पडायचं. मला ती चांगुणा म्हणायची, म्हणजे तिची तरुणपणीच वारलेली बहीण. डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, "त्यांच्या शब्दावर आता कुठलाही निर्णय घेऊ नका." धवले मात्र एकही ओळ न गळता यायचे, म्हणून माझ्या हळदीला बाबांनी तिलाच आणलं.

ते स्थळ बाबांनी परस्पर ठरवलं होतं. माझं डी.एड.चं एक वर्ष राहिलं होतं. रडून झालं, मग मी हळदीला बसले. मांडवात आत्या गायला लागली आणि मध्येच माझ्या तोंडाकडे बघून थांबली. हळदीची वाटी तिनं खाली ठेवली.

"पोरीला इचारलास का रे?"

बाबा हसले. "आक्का, तू गा. बाया खोळंबल्यात."

"चांगुनालाबी कोनी इचारला नवता. मी नाय गानार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग गो, जायचाय तुला?"

मला चांगुणा समजून का होईना, विचारणारी ती पहिलीच. मी "नाय" म्हणाले.

लग्न मोडलं. म्हातारीनं भ्रमात अपशकुन केला, असं बाबांनी पाहुण्यांना सांगितलं. सगळ्यांची अब्रू वाचली, माझं 'नाय' मात्र कुणी मोजलंच नाही. त्याचा मला फार राग होता. आत्या दुसऱ्या दिवशी अंगणात विचारत होती, "कोनाची हळद हाय गो?"

तिला काय कळत होतं, हे मी सांगू शकत नाही... डॉक्टर चुकले असंही म्हणत नाही. पण गाव, वार, माणसं निसटून गेल्यावरही तिला पोरीचा चेहरा कळत होता, आणि भरल्या मांडवात गाणं थांबवायची हिंमत होती. आम्ही शहाणी माणसं तिथेच बसलो होतो. पुढे मी शिक्षिका झाले, लग्नही माझ्या पसंतीनं केलं.

आत्याला जाऊन आता सव्वा महिना झाला. परवा माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं. मुलगा चांगला, भातसानगरला नोकरीला. पाहुणे ओटीवर बसले होते, बोलणी आजच उरकू म्हणत होते. बाबा उठून आत स्वयंपाकघरात आम्हा बहिणींकडे आले.

"तुला इचारतोय गो," ते धाकटीला म्हणाले. "खरा सांग."

ती आधी लाजली, मग विचारात पडली. बाहेरून बाबांना हाका येत होत्या. तिचं उत्तर येईपर्यंत बाबा चुलीपाशी उभेच राहिले.