बघितलेली बंदूक

आमच्या अप्पांना 'रिकामी' हा शब्द चालत नाही. डबा रिकामा, पिशवी रिकामी, सगळं चालतं. बंदुकीबद्दल मात्र तो शब्द निघाला की ते दुखावल्यासारखे बघतात. "घरातले तांदूळ सरले तर तुझी आई 'संपले' म्हणते का? 'वाढले' म्हणते ना? तसंच हे. बंदूक रिकामी नसते. फार तर उघडून बघितलेली असते." तीही आपण स्वतः बघितलेली. दुसऱ्यानं बघितलेली म्हणजे न बघितलेलीच.

अप्पा इचलकरंजीचे, आयटीआय केलेले फिटर. ट्रॉय शहरात राहणाऱ्या आत्यानं आम्हाला अमेरिकेत, मिशिगनला बोलावून घेतलं आणि तिथून तासाभरावरच्या एका छोट्या गावात अप्पांना कारखान्यात काम मिळालं. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की त्या गावात शाळेला सुट्टी असते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली गावातल्या क्लबच्या नेमबाजी टीममध्ये होत्या. मी पंधरा वर्षांची होते आणि त्या टीमपुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं. अप्पा 'नाही' म्हणाले नाहीत. आधी त्यांनी स्वतः सेफ्टीचा कोर्स केला, कामावरच्या लोकांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन शिकले, घरी एक रायफल आणि तिच्यासाठी कुलपाचं कपाट आणलं, आणि मग म्हणाले, "टीमचं नंतर बघू. आधी हात बघू."

हात बघायला त्यांनी मला झाडू दिला. दांड्याचं टोक म्हणजे नळी. बोट दांड्यावर सरळ, ट्रिगरच्या जागी नाही. "नळी कुठे आहे?" असं ते सोफ्यावरून मध्येच विचारायचे. टोक चुकून टीव्हीकडे वळलं की हळहळायचे, "झालं! बातम्या देणारी बाई गेली." आई वैतागायची. "अहो, झाडू तिच्या हातात आहेच तर केर तरी काढून घ्या की!"

"काढ गं," अप्पा म्हणायचे. "फक्त दांडा आईकडे नको."

खंडेनवमीला आईला रायफलची पूजा करायची होती. त्या दिवशी तिकडे इचलकरंजीत मागाला, स्पॅनरलासुद्धा हळदकुंकू लागतं. पण घरात पाहुणे येणार म्हणून अप्पांनी कपाट उघडलंच नाही. मग झेंडूचं फूल आणि हळदकुंकू कपाटाच्या कुलपाला वाहिलं. "खरा देव हाच," म्हणत अप्पांनी कुलपाला मनोभावे नमस्कार केला.

पुढे मी रेंजवर खऱ्या गोळ्या झाडू लागले, तरी टीमला होकार मिळेना. विचारलं की "बघू". एका रविवारी आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे अप्पांचे दाजी, माझी नेमबाजी बघायला आले. रेंजवर दुसरं कोणी नव्हतं. अप्पा स्टुलावर बसून टेबलावरची रायफल नुकतीच उचलत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "काय पाव्हणं, कुठली लढाई?"

बहिणीच्या नवऱ्याकडे पाठ करून बसायचं? अप्पा झटकन उठले, वळले, आणि त्यांच्याबरोबर रायफलही वळायला लागली.

"अप्पा, थांबा! नळी!" मी किंचाळले. वडिलांवर, आणि तेही दाजींच्या देखत.

अप्पा थबकले. नळी पुन्हा समोर नेली, बोल्ट उघडून आत बघितलं. गोळी नव्हती. रायफल टेबलावर ठेवून ते बाजूला झाले.

"अगं, काही नव्हतं त्यात!" आत्या म्हणाली. "बापावर असं ओरडतात का?"

"ताई, बरोबर ओरडली ती." अप्पा म्हणाले. त्यांनी दाजींना हात जोडले. "दाजी, चुकलो. यापुढे पाठ करूनच बसत जाईन, राग मानू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून टीममध्ये जा."

टीममध्ये मी काही दिवे लावले नाहीत. नेम अप्पांचाच चांगला. पण पुढे शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आता मिशिगनमध्येच, नोव्हाय शहरात एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत असताना "थांबा, हे मी स्वतः तपासलेलं नाही" असं म्हणायला धीर लागतो. तो मला कॉलेजनं दिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यापासून अप्पांचा उजवा हात थरथरतो. कपबशी धरली की ती किणकिणते. तरी रविवारी आम्ही रेंजवर जातच राहिलो. त्याबद्दल ते काही बोलेनात, आणि माझीही जीभ रेटेना. शेवटी एकदा ते रायफलला हात घालणार, तोच मी म्हणाले, "अप्पा, आता नको."

वाटलं, रागावतील. त्यांनी हात मागे घेतला आणि मागच्या बाकावर जाऊन ऐसपैस बसले.

"कधीची वाट बघतोय," ते म्हणाले. "म्हटलं, ओरडायचं विसरलीस की काय!"