धनाजीच्या पट्ट्याचा दावा

भरे गावात येसाजींची मेंढरं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांची मुलगी पल्लवी काय काम करते, हे मात्र गावात फारसं कुणाला सांगता येत नाही. ती पेटंट एजंट आहे. कुणी नवं यंत्र शोधलं, की त्यातलं नेमकं काय त्याच्या मालकीचं, हे ती कायद्याच्या भाषेत लिहून देते; पेटंटच्या अर्जात त्याला दावा म्हणतात. तिचा थोरला भाऊ धनाजी घोटावड्याच्या एका कारखान्यात फिटर आहे.

एका वर्षी रोगात बरीच मेंढरं गेली. आजारी मेंढी ओळखू येईपर्यंत उशीर झालेला असायचा. सुट्टीच्या दिवशी खटपट करत धनाजीनं मेंढीच्या गळ्यात बांधायचा पट्टा बनवला. रवंथ कमी झालं की पट्ट्यावरचा लाल दिवा लागे. त्या हिवाळ्यात काही मेंढ्या वेळेवर सापडल्या आणि वाचल्या. येसाजी तर पाहुण्यांना हाताला धरून दिवा दाखवायला नेऊ लागले.

"पल्ले, ह्याचं पेटंट तूच कर," धनाजी म्हणाला, आणि तिला समजावायला बसला. "चालतानाबी मान हलती. म्हणून एक सेन्सर जबड्याखाली, दुसरा मानंवर. मानंवरची हालचाल वजा केली का निस्तं रवंथ उरतं. आन् लोकरीत सरकू न्हाई म्हणून ही वाकवलेली पट्टी."

"दादा, एवढं बारीक लिहिलं, तर उद्या कुणी सेन्सर इकडचा तिकडं करंल आणि सुटंल. आपण दावा मोठा करू."

तिनं दावा लिहिला : जनावराच्या हालचालीची माहिती घेणं, ती नेहमीच्या माहितीशी ताडून पाहणं आणि फरक पडल्यास इशारा देणं. त्या दिवसांत तिच्याकडं ऑफिसच्या कामांचा ढीग होता. घरचंच काम, म्हणून अर्जातलं यंत्राचं वर्णनही तिनं थोडक्यात उरकलं. पट्टा बघायला ती कळपात गेलीसुद्धा नाही.

पेटंट कार्यालयाची हरकत आली. ही नुसती आकडेमोडीची रीत आहे, अशा अमूर्त कल्पनेला पेटंट मिळत नाही. सुनावणी व्हिडिओवर झाली. नियंत्रक बाई शांतपणे म्हणाल्या, "बघायचं, ताडायचं, सांगायचं. हे तर कुठलाही मेंढपाळ मनातल्या मनात करतो. तुमच्या यंत्रात वेगळं काय घडतं, ते मूळ अर्जात कुठं लिहिलंय?"

उत्तर पल्लवीला पाठ होतं. दोन सेन्सर, त्यांच्या जागा, वजाबाकी, वाकवलेली पट्टी. पण अर्जात त्यातलं काहीच नव्हतं, आणि एकदा दाखल केलेल्या अर्जात नवा मजकूर घालता येत नाही, हे ती स्वतःच नवशिक्यांना शिकवायची. अर्ज नामंजूर झाला. तोवर धनाजीनं शेतीच्या प्रदर्शनात पट्टा उघडून लोकांना दाखवला होता, आणि आधीच लोकांपुढं आलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, त्यामुळं नव्यानं अर्ज करायची वाटही बंद झाली होती.

ती मेंढरांच्या वाड्यावर गेली तेव्हा धनाजी त्यांना पाणी दाखवत होता. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजी माझ्या पट्ट्यात खोट निघाली व्हय?"

"नाही दादा. पट्टा चांगलाच आहे. खोट माझ्या लिहिण्यात आहे."

"दोन सेन्सरचं मी सांगितलं व्हतं की तुला."

"सांगितलं होतंस."

तो बादली उचलून पलीकडं गेला. पल्लवीला वाटत होतं, त्यानं ओरडावं.

त्यानंतर तिची कामाची पद्धत बदलली. आता ती आधी यंत्र चालताना बघते. कुठला भाग कुठं बसतो, त्यानं यंत्रात काय सुधारतं, सगळं वर्णनात घालते. आधी मोठा दावा लिहिते आणि त्याच्याखाली बारीक दावे, म्हणजे मोठा टिकला नाही तरी बारीक टिकतात. तिची बरीच कामं मंजूर होतात. प्रत्येक मंजुरीच्या वेळी तिला वाटतं, ही मेहनत दादाच्या वेळी का घेतली नाही?

यंदा धनाजीनं लोकर कातरायचं नवं यंत्र केलं. ते पेटंटसाठी पुण्यातल्या दुसऱ्या एजंटाकडं गेलं, हे पल्लवीला आई बानूबाईंकडून कळलं.

"रागावलीस व्हय गं?" बानूबाईंनी फोनवर विचारलं.

"नाही. आई, ते एजंट यंत्र बघायला आले होते का?"

"आले व्हते की. लई वेळ बसले, लिवून घेत व्हते."

"बरं झालं," पल्लवी म्हणाली. मग तिनं मेंढरांची चौकशी केली.