फुकटचा रस्ता आणि चिलापी

चाकणजवळच्या खाणीच्या मालकाने मला फसवलं. वाहतं पाणी दाखवलं आणि साचलेलं डबकं गळ्यात मारलं. तळवड्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगितलं आहे. हल्ली काही जण बाहेरच माल उतरवून निघून जातात.

दगड काढून झाल्यावर सोडून दिलेली ती खाण पाण्याने भरून तळं झाली होती. वरच्या पाझर तलावातून झिरपणारा ओढा तिच्यात उन्हाळ्यातही बारीक धार सोडायचा. कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या तेव्हा मी दोन प्रेस मशीन विकून तिथे पिंजऱ्यांत चिलापी पाळायचं ठरवलं. माशांमधलं मला फक्त खाणं कळत होतं. पण सौद्यात माझा हात धरणारा भोसरीपासून चाकणपर्यंत कोणी नाही, अशी माझी समजूत होती.

मालक म्हातारा, सगळे त्याला तात्या म्हणतात. भाडं उतरेना, तेव्हा मी म्हणालो, "मग रस्ता करून द्या. टेम्पो थेट पाण्यापर्यंत गेला पाहिजे."

"शेठ, आता माझी कातडी तेवढी राहिली, ती बी घेऊन जा."

मी उठून चपला घातल्या. चपला घातल्या की समोरचा नमतो. तात्याही नमला, आणि लगेच मुरूम टाकून रस्ता करून दिला. माशांची पिल्लं, म्हणजे बोटुकली, घेताना मी तोच डाव टाकला. काही मरणारच म्हणून जादा मागून घेतली. ती मेलीच नाहीत. पिंजऱ्यात शिफ्ट सुटल्यासारखी गर्दी झाली आणि मी सगळ्यांना माझी हुशारी सांगत फिरलो.

ऊन वाढलं तसे मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकू लागले. मग अंगावर लाल चट्टे आले, डोळे बाहेर आले, काही जागच्या जागी गरगर फिरू लागले. मी आधी बोटुकलीवाल्याला फोनवर शिव्या घातल्या. त्याने फोन उचलणं बंद केल्यावर माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

पाणी तपासून त्या म्हणाल्या, "जिवाणूंचा रोग आहे."

"सोडले कोणी?"

"सोडावे लागत नाहीत, पाण्यात असतातच. पाणी खेळतं असलं की मासा त्यांना दाद देत नाही. इथे पाणी तापलंय, प्राणवायू कमी झालाय, उरलेलं खाद्य तळाशी कुजतंय, त्यात ही गर्दी. मासा थकला की त्यांचं फावतं. ताजं पाणी कुठून येतं?"

"ओढा आहे की."

"दाखवा."

दाखवायला गेलो तर ओढा रस्त्याच्या पलीकडेच थांबलेला. माझ्या रस्त्याच्या. मुरमाला अडून धार वळली होती आणि तात्याच्या कांद्याच्या वावरात निवांत शिरत होती.

"हा रस्ता कोणाच्या डोक्यातून निघाला?" बाईंनी विचारलं. मी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं पाहू लागलो.

त्यांच्या सांगण्यावरून खाद्य थांबवलं, मेलेले मासे उचलले, उरलेले विरळ केले. जेसीबी आणून रस्ता फोडला. पाणी आलं, पण तोवर निम्मे पिंजरे रिकामे झाले होते. तात्या बांधावर बसून बघत होता.

"तात्या, पाणी जायला रस्त्याखालून एक पाइप टाकायचा ना."

"तुमी कुठं म्हनला पाइप टाक? रस्ता म्हनला, रस्ता दिला."

मान्य, रस्ता मी मागितला. जादा पिल्लंही मीच कोंबली. पण याच ओढ्याकाठी जन्म गेलेल्या माणसाला मुरूम टाकताना पाणी कुठे वळेल हे कळलं नाही, असं मला कोणी सांगू नये. माझे मासे तडफडत होते तेव्हा त्याचा कांदा हिरवागार होता. तेव्हा तात्या, पाइप का टाकला नाही, याचं उत्तर मला द्या. एकट्याला नको, चार माणसांसमोर द्या.