रत्नमालेचा गूळ

रिठदच्या रामरावांच्या घरी एक रीत होती. पोरीला पहिलं न्हाण आलं की चार दिवस तिला कोपऱ्यात गोणपाटावर बसवायचं. पाचव्या दिवशी हळद लावून न्हाऊ घालायचं, केळीच्या पानांच्या मखरात बसवून ओटी भरायची आणि गल्लीत घरोघर गूळ-खोबरं वाटायचं. ज्याच्या घरी गूळ पोचला त्यानं समजून घ्यावं की पोरगी शहाणी झाली, स्थळ असेल तर बघा. दुसऱ्या दिवशी पोरीचं दप्तर माळ्यावर. शहाणी झालेल्या पोरीला शाळेचं काय काम, असा हिशोब.

रामरावांची बायको प्रयागबाई माहेरी अशीच चौथीतून उठली होती. एकोणतीसपर्यंत पाढे तिला पाठ होते, आणि भाकरी थापताना ती ते अजून पुटपुटायची. म्हणून थोरली रत्नमाला बारा वर्षांची असताना एका सकाळी गोठ्यामागून रडत आली, तेव्हा प्रयागबाईनं आधी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आजीले सांगतलं काय?"

"नाई."

"मंग कोणालेच सांगू नोको. गूळ वाटला का शाळा गेली तुही. दहावी होऊ दे, मंग मीच वाटीन घरोघर."

तेव्हापासून मायलेकींची चोरी सुरू झाली. कपडा कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगामागं वाळायचा. ज्या दिवशी दूर बसायचं त्या दिवशी रत्नमाला आजीला देवाची फुलं तोडून द्यायची, लोणच्याची बरणी उघडायची. लोणचं काही नासलं नाही. देवानंही कधी तक्रार केली नाही. देवाला माणसांइतका वेळ नसतो.

रत्नमाला दहावीत गेली. परीक्षेला दीड महिना राहिला, आणि धाकट्या निताला न्हाण आलं, तेही नेमकं आजीच्या डोळ्यांदेखत. मखर लागलं, बाया जमल्या. ओटी भरता भरता एकेकीची मान दारात उभ्या रत्नमालेकडे वळायला लागली.

"काहून वं प्रयागा, मोठीचं अजून नाई?"

खरं प्रयागबाईच्या ओठांवर आलं होतं. पण तीन वर्षं विटाळ देवघरात फिरला हे कळलं असतं तर सासूनं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि पोरीचे पेपर राहिले असते. ती म्हणाली, "येईन ना. घाई काय हाय?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढं पुरलं; थोरलीला न्हाण येतच नाही, असं गावभर झालं. दुसऱ्या दिवशी निताचं दप्तर माळ्यावर गेलं.

रत्नमाला बहात्तर टक्क्यांनी पास झाली. त्याच दिवशी प्रयागबाईनं सासूपुढे बसून सगळं सांगून टाकलं. सासू शांतपणे ऐकून म्हणाली, "पोट्टीचं वैगुण्य झाकाले आता देवाले बाटवून राह्यली काय वं?" तरी प्रयागबाई ताट घेऊन निघाली. बायांनी गूळ घेतला आणि पदराला बांधला. तोंडात कुणीच टाकला नाही. निता मात्र घरात बसून भांडी आपटत होती. "तुही दहावी झाली," ती बहिणीला म्हणाली, "माही सातवी खाऊन."

पुढे रत्नमालेला शाळेतून कुणी काढलं नाही. जिचं लग्नच व्हायचं नाही तिला घरी बसवून करायचं काय? ती बारावी झाली. निता अठराची होताच उजवली गेली. रत्नमालेकडे येणारी स्थळं मात्र बसस्टँडवर चहा प्यायची, चहावाल्याकडून ऐकायची आणि तिथूनच परतीची गाडी धरायची. प्रयागबाईनं वाशीमच्या डॉक्टरीणबाईंचा कागद आणला, सगळं ठीक आहे म्हणून. मध्यस्थ हसला. "मावशी, कागद काय, कोणीबी लिहून देते."

शेवटी इंझोरीचा राजपाल आला. पहिली बायको वारलेली, घरात दोन मुलं. त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली आणि स्पष्ट सांगितलं, "मले तशीच पायजे. माह्या लेकराइच्या वाट्याले दुसरं कोणी नोको."

रत्नमाला दाराआड उभी होती. खरं सांगावंसं वाटलं तिला. पण तेवीस वर्षांची झाली होती, आणि खरं सांगून काय होतं ते तिनं पाहिलं होतं. महिन्याभरात लग्न लागलं.

वर्षाच्या आत तिला दिवस गेले. राजपाल म्हणाला, "फसवलं मले." तिकडे रिठदमध्ये आजीनं ते आपल्या सोळा सोमवारांचं फळ म्हणून सांगितलं, आणि गावानं लगेच मानलं. पोरीला न्हाण वेळेवर आलं होतं, ही साधी गोष्ट तेवढी कुणाला पटली नाही. योगिनी जन्मली. राजपाल तेव्हापासून रत्नमालेशी कामापुरतं बोलतो.

गेल्या महिन्यात आठवीतली योगिनी शाळेतून घरी आली आणि म्हणाली, "आई, मले पाळी आली. मॅडमनं पॅड देल्ला." जशी कुणी भाजी आणली म्हणून सांगावं तशी म्हणाली.

रत्नमालेनं केळीची पानं मागवली.

"आई, आता कोणी करते काय असं? वर्गातले पोट्टे याच गल्लीत राह्यतात!"

"बस म्हणतो ना मखरात! तुले शाळेतून कोणी काढून नाई राह्यलं. पण गावाले कळलंच पायजे."

पोरीला मान खाली घालून बसवली. मग ताट घेऊन रत्नमाला दारोदार फिरली. पदराला गूळ बांधू दिला नाही कुणाला. "खा ना. इथंच खा, माह्यासमोर." बाया खात होत्या, आणि ती त्यांची तोंडं हलताना बघत होती.

प्रयागबाई रिठदहून आली होती. ती नातीजवळ बसून राहिली. रत्नमाला रिकामं ताट घेऊन परतली तसं तिनं विचारलं, "शाळेचं काय हिच्या?"

"जाईन ना. सोमवारपासून."

सोमवारी योगिनी गेली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी रत्नमाला माळ्याकडे बघून आली, तिथं दप्तर नव्हतं. ते पोरीनं उशाशी घेतलं होतं आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

"ऊठ वं. शाळेची वेळ झाली."

"वाटला ना गूळ," योगिनी म्हणाली.